सी ड्राइव्ह लाल

सकाळी ७:१०. नेरळ स्टेशनच्या पुलाखाली लॅपटॉपची बॅग एका हातातून दुसऱ्या हातात जाते. देणारे साहेब मामदापूरहून स्कूटरवर आलेत. ठाण्याला गाडी बदलून त्यांना ऐरोली गाठायची आहे. तिथल्या एका डेटा सेंटरमध्ये ते एसी प्लांटवर टेक्निशियन आहेत. "सी लाल झालाय. काही सेव्हच होत नाही. पासवर्ड चिठ्ठीवर लिहिलाय," एवढं सांगतात आणि गाडीत शिरतात. दादा आधी बॅगेची बाहेरची चेन उघडून बघतात. चार्जर आहे. बरेच जण चार्जर घरी विसरतात, मग तो दिवस फुकट.

दादा म्हणजे कॉम्प्युटरवाले दादा. बाजारपेठेत त्यांना याच नावाने ओळखतात आणि इथेही तेवढंच नाव पुरे, असं त्यांचं म्हणणं. वय पंचेचाळिशीचं. पूर्वी कॉम्प्युटर यायचा तेव्हा आत काहीतरी जळलेलं, सुटलेलं किंवा गंजलेलं असायचं. आता निम्मी गिऱ्हाइकं धडधाकट मशीन घेऊन येतात. बिघाड काही नसतो. जागा नसते.

सकाळी ८:३०. शटर वर जातं. गाळा आठ बाय दहाचा, भाडं साडेसहा हजार. लाइट बिल वेगळं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे, पंखा गरमच हवा फेकतोय. कामाला एक पोऱ्या आहे, बारावी झालेला. दिवसाला तीनशे रुपये आणि दोन वेळचा चहा.

टेबलावर हत्यारं मांडली जातात. चुंबकाच्या टोकाचे स्क्रूड्रायव्हर. पेंटिंगचा एक इंची ब्रश. हवा मारायचा ब्लोअर. रॅमच्या सोनेरी पट्ट्या घासायला शाळेतलं पांढरं खोडरबर. हार्ड डिस्क बाहेरून जोडायची केबल, तिच्या प्लगला काळी टेप. एका डब्यात सुटे स्क्रू, दुसऱ्यात मेलेल्या हार्ड डिस्कमधून काढलेले चुंबक. ते कशाला, असं मी विचारलं. "खाली पडलेला स्क्रू शोधायला," पोऱ्याने उत्तर दिलं.

पहिला कॅबिनेट पोऱ्या दारातच उघडतो आणि ब्लोअर मारतो. लाल मातीचा धुरळा उडतो. आतून मुंग्यांची एक रांग बाहेर पडते. हे खरं दुरुस्तीचं काम आणि पोऱ्याला हेच आवडतं. हाताला काहीतरी लागतं.

सकाळी ९:१०. साहेबांचा लॅपटॉप सुरू व्हायला चार मिनिटं घेतो. दादा 'धिस पीसी' उघडतात. सी ड्राइव्हची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की विंडोज ही पट्टी लाल करतं. इथे २३७ पैकी सव्वा जीबी उरलाय.

बाहेरच्या स्टिकरवर २५६ लिहिलंय. यावरून गिऱ्हाइकं भांडतात, दुकानदाराने एकोणीस जीबी मारले म्हणतात. कोणी मारलेले नसतात. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत. त्यातून जे उरतं त्यातला थोडा भाग विंडोज स्वतःच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवतं.

दादा पेनड्राइव्हवरून फोल्डर मोजायचं छोटं सॉफ्टवेअर चालवतात. आकडे वरून खाली उतरत्या क्रमाने लागतात. विंडोज ३५. प्रोग्रॅम २५. 'युजर्स' १६०. युजर्स उघडलं की खाली डेस्कटॉप ३१, ॲपडेटा २९ आणि सगळ्यात वर 'माय ड्राइव्ह' ८८ जीबी.

"हे बघा," दादा बोट ठेवतात. "हे सगळं वरही आहे आणि इथेही आहे."

गूगल ड्राइव्ह २०१२ मध्ये आलं. कॉम्प्युटरवर बसवायचं त्याचं 'बॅकअप अँड सिंक' हे जुनं सॉफ्टवेअर २०२१ मध्ये बंद होऊन त्याच्या जागी आताचं आलं. आताचं बसवल्यावर दोन वाटा असतात. 'स्ट्रीम' म्हटलं तर फाइल वर राहते, इथे फक्त नाव दिसतं आणि उघडली की खाली येते. 'मिरर' म्हटलं तर प्रत्येक फाइलची पूर्ण नक्कल इथेही बसते. साहेबांनी मिरर घेतलंय. चूकही नाही त्यात. घरी नेट धड चालत नव्हतं, मुलीचे क्लास ऑनलाइन होते, नेट नसलं तरी फाइल उघडायला हवी होती. नेट सुधारलं. सेटिंग तेच राहिलं. वर साठवायचे महिन्याला १३० रुपये जातात, १०० जीबीसाठी. त्यातले ८८ भरलेत, म्हणून खाली ८८ गेलेत.

मला वाटलं आता दोन क्लिक आणि काम संपलं. दादा मात्र खाली उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर जातात आणि थांबतात. नऊ फाइली वर गेलेल्याच नाहीत. मुलीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचे व्हिडिओ. या नऊ फाइली जगात फक्त इथेच आहेत. दादा त्या पेनड्राइव्हवर घेतात, पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावतात, एक व्हिडिओ चालवून बघतात. टेबलाच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर स्केचपेनने लिहिलंय: 'अस्सल कुठे आहे?' हा कागद पोऱ्यासाठी लावलाय. याचं उत्तर मिळेपर्यंत दुकानात डिलीटचं बटण दाबायचं नाही.

मग मिररचं स्ट्रीम. साहेबांच्या खात्यातून नऊ फाइली हाताने वर चढवायला लावल्या. आणि आता गंमत. सेटिंग बदललं तरी पट्टी लालच. जुना ८८ जीबीचा फोल्डर सॉफ्टवेअर आपणहून काढत नाही, तो आपण काढायचा. दादा अजून काढत नाहीत. "नऊ फाइली वर पोचू देत. संध्याकाळपर्यंत वेळ आहे." लॅपटॉप चार्जरला लावून बाजूच्या फळीवर जातो.

सकाळी १०:१५. बाजारपेठेतलं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान. दुकान ताई चालवतात. बाहेर अकरा माणसं. शाळा-कॉलेजचे प्रवेश तोंडावर आहेत, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सगळ्यांना आजच हवंय. एक आजोबा सातबाऱ्यासाठी बसलेत. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची सरकारी फी १५ रुपये, वर ताईंची मजुरी आणि प्रिंट.

"दादा, मशीन न्यायचं नाही हं," ताई स्कॅनरचं झाकण उघडता उघडता सांगतात. "दोन गिऱ्हाइकांच्या मधे जेवढं होईल तेवढं करा."

म्हणून दादा उभ्याने काम करतात. ताई खुर्चीतून उठल्या की बसायचं, आल्या की उठायचं. १२० जीबीची एसएसडी, जोडीला जुनी ५०० ची हार्ड डिस्क. सी लाल. डी जवळजवळ रिकामा. फोल्डर मोजणारं सॉफ्टवेअर चालतं आणि 'वनड्राइव्ह' नावाच्या फोल्डरवर ७१ जीबीचा आकडा येतो. आत शिरलं तर पेबचा किल्ला. पायथ्याचं जंगल, शिड्या, धुकं, दहा-बारा पोरं दात काढून उभी. फोटोंपेक्षा व्हिडिओ जास्त.

"हे कोणाचे?"

ताई बघतात. कपाळावर हात मारतात. "अगं बाई, हा तर आमचा भाचा."

उलगडा व्हायला तीन गिऱ्हाइकं जातात. वर्षभरापूर्वी मशीन घेतलं तेव्हा चालू करून द्यायला भाचा आला होता. विंडोजने खातं मागितलं, त्याने स्वतःचं टाकलं. त्याच्या खात्यात जागा भरपूर, फोनमधले फोटो आपोआप तिथे चढतात. नुसतं तेवढ्यावर राहिलं असतं तर इथे फक्त नावं दिसली असती. पण त्याने फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून ठेवलं होतं. नेट गेलं तरी मावशीचं काम अडू नये म्हणून. तेव्हापासून तो डोंगर चढतो आणि त्याचे व्हिडिओ मावशीच्या सी ड्राइव्हमध्ये उतरतात.

उलट्या दिशेनेही वाहतूक चालू होती. डेस्कटॉपचा फोल्डर त्याच खात्याला जोडलेला. ताई स्कॅन केलेलं सगळं डेस्कटॉपवर ठेवतात. गावोगावची आधार कार्डं, रेशन कार्डं, बँकेची पासबुकं, हे सगळं वर्षभर एका पोराच्या खात्यात चढत होतं. त्याला पत्ता नाही, ताईंना पत्ता नाही आणि बाहेर बाकावर बसलेल्या आजोबांना तर मुळीच नाही. जागेपेक्षा मला हेच जास्त खटकलं. दादांनाही खटकलं असावं, कारण त्यांनी आवाज खाली आणून ताईंना सांगितलं, "भाच्याला म्हणावं, त्याच्या बाजूनेही ते काढून टाक. इथून तोडलं म्हणजे तिथलं जात नाही."

क्रम ठरलेला. आधी डेस्कटॉपची नक्कल डी ड्राइव्हवर. मोजून. मग डेस्कटॉपचा वनड्राइव्हवरचा बॅकअप बंद. मग पेबच्या फोल्डरवर राइट क्लिक आणि 'फ्री अप स्पेस'. हिरव्या खुणा एकेक करून निळ्या ढगात बदलत जातात. दादा प्रॉपर्टीज उघडून मला दाखवतात. दोन ओळी. 'साइज' ७१ जीबी. खालची 'साइज ऑन डिस्क' शून्य. पहिली ओळ म्हणजे फाइल केवढी आहे. दुसरी म्हणजे तिने इथे जागा किती अडवली आहे. बहुतेक जण पहिलीच वाचतात आणि घाबरतात, किंवा पहिलीच वाचतात आणि निर्धास्त होतात. शेवटी भाच्याचं खातं काढलं, डेस्कटॉप डी वर वळवला.

तेवढ्या वेळात ताईंची बारा गिऱ्हाइकं झाली. दादांनी अडीचशे सांगितले. ताईंनी दोनशे दिले आणि दुकानाची बिलबुकं छापून देईन म्हणाल्या. दादा काही बोलले नाहीत. मागच्या वेळची बिलबुकंही अजून यायची आहेत.

सकाळी ११:४०. लाइट गेली. पावसाआधी तारांवरच्या फांद्या तोडायचं काम चालू आहे, एकपर्यंत येईल असं महावितरणचा माणूस सांगून गेला. इन्व्हर्टर एक पंखा आणि एक टेबल ओढतो. साहेबांचा लॅपटॉप बॅटरीवर, पण राउटर बंद. चार फाइली गेल्या, पाच अडकल्या. पोऱ्या वडापाव आणायला जातो. स्टेशनच्या बाजूला ठाकरवाडीच्या बायका करवंदं आणि जांभळं घेऊन बसल्यात. तो पानाच्या द्रोणात करवंदंही घेऊन येतो. दादा एकच खातात. चिकाचे हात कीबोर्डला लागलेले त्यांना चालत नाहीत.

दुपारी १२:२०. स्टुडिओतून फोन. "शेठ, लगेच या. सगळं बंद पडलंय." स्टुडिओच्या बाजूची लाइट शाबूत आहे. दादा स्कूटर काढतात. पिशवीत केबल, पेनड्राइव्ह आणि दुकानातली एकुलती एक नवी दोन टीबीची बाहेरची हार्ड डिस्क.

नेरळ-कर्जतच्या पट्ट्यात फार्महाऊसवरची लग्नं वाढली तसे स्टुडिओही वाढले. हा स्टुडिओ म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत पडदा आणि छत्र्या, दुसरीत एडिटिंगचं मशीन. मशीन जोरदार आहे. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, चार टीबीची हार्ड डिस्क, मोठा मॉनिटर. मॉनिटरवर नवरी अर्धवट उघडलेली आणि मधोमध चौकट: स्क्रॅच डिस्क भरली आहे.

फोटोग्राफर तिशीतला आहे. शर्ट घामाने चिकटलाय. कालचं लग्न. दोन कॅमेरे, चार कार्डं, मिळून ३१० जीबी. अल्बमचा डिझायनर कल्याणला. त्याला पाठवायचं म्हणून याने सकाळी सहाला चारही कार्डं ओळीने लावली आणि सगळं ओढून जी ड्राइव्हवर टाकलं. जी म्हणजे गूगल ड्राइव्ह. दोन टीबीचा प्लॅन आहे, जागाच जागा. अर्ध्यावर कॉपी थांबली. आता सी मध्ये शून्य.

"सी मध्ये मी काही टाकलंच नाही, शेठ. जी मध्ये टाकलं."

"जी कुठे असतो?" दादा विचारतात.

तो वर बोट दाखवतो. दादा सी ड्राइव्ह उघडतात. लपवलेले फोल्डर दिसतील असं करतात. युजर्स, मग ॲपडेटा, लोकल, गूगल, ड्राइव्हएफएस. आत आकड्यांच्या नावाचे फोल्डर, त्यांच्या आत आणखी आकडे. एकही नाव माणसाला वाचता येणार नाही. वजन १३८ जीबी. दादा सांगतात, "पाठवायचा माल आधी अंगणात रचतात, मग टेम्पो भरतात. टेम्पो सावकाश भरतो. तू एकदम एवढा माल आणलास की अंगण भरलं, आता घराचं दार उघडत नाही."

टेम्पो किती सावकाश, त्याचा हिशोब दादा बिलाच्या मागे करतात. स्टुडिओचं नेट वर चढवताना ५० एमबीपीएस. ३१० जीबी गुणिले आठ, भागिले पन्नास. पावणेचौदा तास, तेही नेट एकदाही न अडखळता. कार्डावरून कॉम्प्युटरवर मात्र तासाभरात उतरतं. म्हणजे आत येणारं बाहेर जाणाऱ्याच्या चौदापट. मधली सगळी रास सी ड्राइव्हवर.

फोटोग्राफरचा हात माउसकडे जातो. तो १३८ जीबीचा फोल्डर उडवायचा आहे त्याला. त्याच्या एका मित्राने व्हॉट्सॲपवर हाच उपाय सांगितलाय. दादा त्याचा हात बाजूला करतात. चक्क मनगट धरून.

"कार्डं कुठे आहेत?"

चारही कार्डं टेबलावर. त्यातलं एक तो फॉरमॅट करायच्या बेतात होता. संध्याकाळी सातला कळंब रोडच्या एका फार्महाऊसवर हळद आहे आणि हीच कार्डं लागणार आहेत. यातलं वर किती गेलं, अंगणात किती पडलंय आणि कॉपीच किती झालं नाही, हे आत्ता कोणालाच सांगता येणार नाही. म्हणजे कालचं लग्न, सप्तपदीपासून पाठवणीपर्यंत, शंभर टक्के असं फक्त या चार कार्डांवर आहे. प्रत्येक कार्ड बोटाच्या नखापेक्षा थोडं मोठं.

चार टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये जागा? नाही. पाच वर्षांची लग्नं तिथे आहेत. काही जोडप्यांनी अल्बमचे उरलेले पैसे दिलेले नाहीत, म्हणून त्यांच्या फाइली ठेवल्यात. पैसे येतील या आशेवर अर्धा टीबी अडकलाय.

दादा पिशवीतून नवी हार्ड डिस्क काढतात. सात हजार दोनशे. फोटोग्राफर घासाघीस करतो, हळदीचे पैसे आले की देतो म्हणतो. दादांना त्यात साडेतीनशे सुटतात. दोन हजार आत्ता, बाकीचे रविवारपर्यंत, असं ठरतं.

दुपारी १:१०. पहिलं कार्ड रीडरमध्ये. आकडा ८० ते ९० एमबीच्या मधे डोलतो. आता करण्यासारखं काही नाही. बसायचं. कार्ड भरलं की काढायचं, पुढचं लावायचं. काढलेल्या कार्डावर चिकटपट्टीचा तुकडा लावून पेनने टिक. फोटोग्राफरची आई आतून सरबताचे पेले आणते. पंखा फिरतोय. हे सगळं बघत बसणं हीसुद्धा मजुरी आहे, पण तिचा भाव कोणी ठरवलेला नाही. दादा 'व्हिजिट'चे पैसे घेतात, त्यात दहा मिनिटंही येतात आणि अडीच तासही.

बसल्या बसल्या दादा विचारतात, "अल्बमला फोटो लागतात किती?"

"अडीचशे-तीनशे."

"आणि पाठवतोयस सहा हजार?"

"निवडतात नवरीकडचे, शेठ. त्यांनी निवडल्याशिवाय मला कसं कळणार?"

"निवडायला मोठे कशाला? लहान करून पाठव."

फोटोग्राफर गप्प होतो. सहा हजार फोटो, प्रत्येकी एक एमबी केला, तर सहा जीबी. सोळा-सतरा मिनिटांत वर. निवडलेल्या तीनशेंच्याच मोठ्या फाइली नंतर कल्याणला जातील. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. वर दोन टीबी आहेत म्हटल्यावर विचार करायची गरजच वाटेनाशी झाली होती. फोनचंही तसंच झालं होतं. गूगल फोटोज अमर्याद फुकट होतं तोवर कोणी मोजलं नाही, १ जून २०२१ पासून मोजणी सुरू झाली आणि घरोघरी १५ जीबी भरल्याच्या सूचना यायला लागल्या.

दुपारी २:३०. चारही कार्डं उतरली. दादा कार्डावरच्या फाइली मोजतात, डिस्कवरच्या मोजतात. आकडे जुळले. मधले पाच-सहा फोटो आणि एक व्हिडिओ उघडून बघितला. आता सी कडे वळायचं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने बनवून ठेवलेले जुने प्रीव्ह्यू ४० जीबी होते, ते पुन्हा बनतात, म्हणून ते उडवले. तेवढ्याने मशीनला श्वास मिळाला. अंगणातल्या १३८ ला मात्र हात नाही. जे वर जायला लागलंय ते जाऊ द्यायचं, जसजसं जाईल तसतशी जागा सुटेल. खातं तोडायचं नाही. आणि यापुढे एवढा माल जी वर ओढायचा नाही. ब्राउझर उघडून थेट डिस्कवरून चढवायचा, म्हणजे सी मध्ये रास पडत नाही. फक्त ती खिडकी बंद करायची नाही.

पंधराशे रुपये. यात फोटोग्राफरने घासाघीस केली नाही.

दुपारी ३:२०. दुकानात डबा उघडला. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. दुसऱ्या घासाला माथेरानहून फोन. हॉटेलचे मॅनेजर. दादा वर जात नाहीत, शक्यतो. दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी, पुढे गाडीला बंदी, चालत जायचं. एका कामात दिवस संपतो. वरून कॅबिनेट खाली यायचा तर हातगाडीने दस्तुरीपर्यंत, तिथून टॅक्सीत कोणाच्या तरी मांडीवर. १९०७ पासून नॅरोगेज गाडी आहे, पण तिला दोन तासांच्या वर लागतात. म्हणून दुरूनच मशीन चालवायचं सॉफ्टवेअर, एनीडेस्क. डाव्या हातात भाकरी, उजव्या हाताने माथेरानचा कॉम्प्युटर.

हॉटेलात दोन मशीन, काउंटरवर एक, ऑफिसात एक. खातं एकच आणि दोन्हीकडे मिरर. काउंटरवरच्या पोराला सी लाल दिसला. त्याने शहाणपणा करून मागच्या वर्षीचा बिलांचा फोल्डर डिलीट केला. ऑफिसात आहेच की, अशा हिशोबाने. दोन मिनिटांत तो ऑफिसातूनही गेला, वरूनही गेला. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं. गेलेलंही सारखंच जातं. याला बॅकअप समजून लोक निवांत झोपतात. आज सीएने बिलं मागितली तेव्हा शोधाशोध सुरू झाली.

"कधी डिलीट केलं?" दादा विचारतात. पलीकडे कुजबुज. बावीस दिवस झाले. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. दादा भाकरी खाली ठेवतात. आधी काउंटरचं मशीन स्ट्रीमवर घेतात, नाहीतर परत आलेली बिलं पुन्हा तिथेच उतरतील. मग ट्रॅश, मग रिस्टोअर. फोल्डर जागेवर आला. मॅनेजर इतक्यांदा थँक्यू म्हणाले की दादांनी तीनशेच सांगितले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पाचशे सांगायला हवे होते."

संध्याकाळी ५:४५. साहेबांच्या नऊच्या नऊ फाइली वर पोचल्यात. दादा लॅपटॉपवर जुना 'माय ड्राइव्ह' उघडतात, वरच्या फोल्डरांशी ताडून बघतात. आता डिलीट. आठ-दहा मिनिटं हिरवी पट्टी सरकते. मग रिसायकल बिन रिकामा. सी ची पट्टी निळी झाली, ९० जीबी मोकळे. पोऱ्या फोटो काढून घेतो. दुकानाच्या स्टेटसला टाकायला आधीचा आणि नंतरचा.

संध्याकाळी ७:४०. साहेब गाडीतून उतरतात. थकलेत. दिवसभर चिलरच्या आवाजात होते. मी विचारलं, तिथे काय साठवतात? "आम्हाला माहीत नसतं. आमचं काम तापमान सांभाळायचं. दोन डिग्री चढलं की फोन वाजायला लागतात." लॅपटॉप उघडून बघतात, निळी पट्टी बघून मान हलवतात. दादा समजावून सांगतात. आता नेट नसताना सगळ्या फाइली उघडणार नाहीत, लागतील तेवढ्या आधी 'अव्हेलेबल ऑफलाइन' करून ठेवा, मुलीचा प्रोजेक्ट मी करून ठेवलाय. चारशे रुपये, यूपीआयने. साहेब स्कूटर स्टँडकडे निघतात.

रात्री ९:१५. शटर अर्धं खाली. दादा वहीत लिहितात. ताई दोनशे, स्टुडिओ पंधराशे, माथेरान तीनशे, साहेब चारशे. पोऱ्याने ब्लोअर मारून दिलेल्या कॅबिनेटचे अडीचशे. डिस्कचे दोन हजार आले, ते आपले नाहीत, मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या व्यापाऱ्याचे. वर त्यालाच आणखी पाचेक हजार द्यायचेत. खर्चात पोऱ्याचे तीनशे, पेट्रोल शंभर, वडापाव आणि चहा मिळून नव्वद. भाड्याचे रोजचे दोनशे सोळा दादा मनातल्या मनात वजा करतात, वहीत लिहीत नाहीत.

फोन वाजतो. मागे हळदीचा बँजो. फोटोग्राफर ओरडून बोलतोय. स्टुडिओचं मशीन चालूच ठेवलंय, आईला खोलीला कुलूप लावायला सांगितलंय. लहान केलेले फोटो नवरीकडे पोचले, निवडायलाही लागलेत. पण एक अडचण. आजच्या हळदीला आताच दोन कार्डं भरलीत.

"नवी डिस्क घरी आहे ना? त्यात जागा आहे. रात्री उतरव, मग झोप," दादा सांगतात. "आणि ती घरीच ठेव, स्टुडिओत नको."

फोन ठेवून ते लॅमिंग्टन रोडला मेसेज टाकतात. दोन टीबी, तीन नग, मागच्याच भावाने. मग पोऱ्याला सांगतात, उद्या दुकानात यायचं नाही, सकाळच्या गाडीने निघायचं, दादरला बदलून ग्रँट रोड. तिकिटाचे आणि जेवणाचे मिळून दोनशे रुपये गल्ल्यातून काढून त्याच्या हातावर ठेवतात. "पक्कं बिल घे. आणि डब्याचं सील बघून घे."